घुसखोरांमुळे गुन्हे वाढतात का? टेक्सासचे आकडे काय सांगतात

प्रश्न : माझा मुलगा आणि सून ह्यूस्टनला असतात. यंदा ते घर घ्यायच्या विचारात आहेत. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यावरून रोज वाद होतो. माझे थोरले बंधू म्हणतात, सीमा ओलांडून आलेल्या घुसखोरांमुळे अमेरिकेत खून-दरोडे वाढलेत, तेरा हजार खुनी तिथे मोकाट फिरतायत. मुलगा म्हणतो, ही माणसं तिथल्या नागरिकांपेक्षा कमी गुन्हे करतात. दोघंही आकडे देतात आणि दोघंही म्हणतात की आकडा सरकारी आहे. मग आम्ही खरं काय मानायचं? आणि हे उत्तर सगळ्या देशांना लागू पडतं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या मुलाचं म्हणणं बरोबर आहे. तो राहतो त्या टेक्सास राज्यापुरतं तर मी ते ठामपणे सांगेन. तुमच्या थोरल्या बंधूंनी दिलेला तेरा हजारांचा आकडाही खोटा नाही, तो खरोखरच सरकारी कागदावर आहे. पण त्याचा अर्थ ते समजतात तो नाही. त्याकडे पुढे येतो.

आधी हा गोंधळ मुळात का होतो, ते पाहू. अमेरिकेत लोकसंख्येची जी सरकारी सर्वेक्षणं होतात, त्यांत माणसाचा जन्म कुठला आणि तो नागरिक आहे का, हे विचारतात. राहण्याची परवानगी आहे का, हे विचारत नाहीत. बहुतेक राज्यांतले पोलीसही अटकेची नोंद करताना ही माहिती लिहून ठेवत नाहीत. म्हणजे बेकायदा राहणाऱ्यांपैकी किती जणांना कोणत्या गुन्ह्यासाठी अटक झाली, हे देशाच्या बहुतांश भागात थेट मोजताच येत नाही. मोजमाप नसलं की ज्याच्या हाती जो किस्सा लागतो, तोच त्याचा पुरावा होतो.

टेक्सास याला अपवाद आहे. तिथे कोणालाही अटक करून ठाण्यात आणलं की त्याच्या बोटांचे ठसे घेतले जातात. ते राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा विभागाकडे जातात, तिथून एफबीआयकडे आणि पुढे केंद्राच्या होमलँड सिक्युरिटी विभागाकडे. या शेवटच्या विभागाकडे व्हिसा घेतलेल्या, सीमेवर पकडल्या गेलेल्या, आश्रयासाठी अर्ज केलेल्या माणसांचे ठसे जमा असतात. ठसे जुळले, तर हा माणूस कायदेशीर राहतोय की बेकायदा, याचं उत्तर टेक्सासला परत मिळतं आणि ते अटकेच्या नोंदीला जोडून ठेवलं जातं. हे राज्य स्थलांतराच्या बाबतीत कडक धोरणाचं म्हणून ओळखलं जातं. त्यामुळे या नोंदी घुसखोरांना झाकण्यासाठी ठेवल्या आहेत, असा आरोप कोणी करू शकत नाही.

विस्कॉन्सिन विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ मायकेल लाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ ते २०१८ या काळातल्या या नोंदी तपासल्या. त्यांचा निबंध २०२० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. त्यात गंभीर गुन्ह्यांसाठी झालेल्या अटकांचं दर लाख माणसांमागचं प्रमाण काढलं आहे. अमेरिकेत जन्मलेल्या नागरिकांना हिंसक गुन्ह्यांसाठी अटक होण्याचं प्रमाण बेकायदा राहणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघालं. अमली पदार्थांच्या गुन्ह्यांत ते अडीच पट होतं, तर चोरी-घरफोडीसारख्या मालमत्तेच्या गुन्ह्यांत चौपटीहून जास्त.

यावर जे आक्षेप घेतले जातात ते पोकळ नाहीत, म्हणून इथे थोडं थांबतो. पहिला आक्षेप ठशांचाच आहे. जो माणूस रात्रीच्या अंधारात नदी पार करून आला आणि कधीच कोणाच्या हाती लागला नाही, त्याचे ठसे केंद्राकडे असणार कुठून? त्याला टेक्सासमध्ये अटक झाली तर ठसे जुळणार नाहीत आणि तो नकळत तिथल्या नागरिकांच्या रकान्यात जाऊन बसेल. स्थलांतर कमी व्हावं या मताच्या ‘सेंटर फॉर इमिग्रेशन स्टडीज’ या संस्थेने २०२२ साली हाच मुद्दा मांडला. असे अनेक जण शिक्षा होऊन तुरुंगात गेल्यावर तिथल्या चौकशीत उघडे पडतात, कधी कधी काही वर्षांनी. त्यांना मिळवलं तर खून आणि लैंगिक अत्याचार या दोन गुन्ह्यांत बेकायदा राहणाऱ्यांचं प्रमाण राज्याच्या सरासरीच्या वर जातं, असं त्या संस्थेचं म्हणणं होतं. स्थलांतराच्या बाजूने असलेल्या ‘केटो इन्स्टिट्यूट’च्या अलेक्स नवरास्तेह यांनी त्याला उत्तर दिलं की, ठशांवरून सापडलेले आणि तुरुंगात सापडलेले यांत बरीच माणसं तीच आहेत आणि या हिशेबात ती दोनदा मोजली गेली आहेत.

दोन्ही संस्थांचा कल उघड आहे, म्हणून दोघांचंही बोलणं तपासूनच घ्यावं. मला यात नवरास्तेह यांचा मुद्दा जास्त पटतो. पण पहिल्या संस्थेची मोजणी जशीच्या तशी मान्य केली, तरी टेक्सासमधले घुसखोर नागरिकांपेक्षा अनेक पटींनी हिंसक आहेत, असं तिच्यातूनही निघत नाही. वाद उरतो तो त्यांचं प्रमाण बरंच कमी आहे की बरोबरीच्या आसपास किंवा काही गुन्ह्यांत सरासरीच्या वर आहे, एवढाच. ग्रुपवर जे फिरतं, ते या वादाच्या पलीकडचं आहे.

दुसरा आक्षेप असा की, घुसखोरांच्या वस्तीत गुन्हा झाला तर तो पोलिसांपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून अटका कमी दिसतात. मारहाण, चोरी, घरातला छळ यांबाबत हे काही अंशी खरं असणार. खुनाचं तसं नसतं. प्रेत सापडतं, पोलीस येतात, तपास होतो. म्हणून अभ्यासक खुनाच्या आकड्यांना इतकं महत्त्व देतात आणि वरचा वादही मुख्यतः खुनावरच येऊन ठेपतो.

तिसरी गोष्ट लोकसंख्येची. गुन्ह्यांचं प्रमाण काढायचं तर गुन्हे किती हे जसं हवं, तसं माणसं किती हेही हवं. बेकायदा राहणाऱ्यांची संख्या हा अंदाजच असतो. २०२२ साठी प्यू रिसर्च सेंटर आणि होमलँड सिक्युरिटी विभाग या दोघांचेही एकूण अंदाज १ कोटी १० लाखांच्या आसपास होते. पण आतलं देशवार चित्र पाहा. त्याच वर्षी बेकायदा राहणारे भारतीय प्यूच्या मते सव्वासात लाख, तर सरकारी विभागाच्या मते २ लाख २० हजार. तिपटीहून मोठा फरक! त्यामुळे ‘अमुक देशाचे घुसखोर इतके टक्के गुन्हेगार’ असा आकडा कोणी पाठवला, तर तो मनावर घेऊ नका. जिने भागायचं ती संख्याच पक्की नाही. आणखी एक गंमत अशी की, घुसखोर खरे दोन-तीन कोटी आहेत असं म्हणणारे आणि तेच सगळे गुन्हे करतात असं म्हणणारे बहुधा एकच असतात. पण माणसं जास्त असतील तर तेवढेच गुन्हे जास्त माणसांत वाटले जातील आणि दर आणखी खाली येईल.

आता तुमच्या बंधूंचे तेरा हजार. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या स्थलांतर अंमलबजावणी यंत्रणेने, म्हणजे आइसने, एका खासदारांना पत्राने माहिती दिली. जे परदेशी नागरिक हद्दपारीच्या प्रक्रियेत आहेत, पण आइसच्या कोठडीत नाहीत, त्यांच्या यादीत गुन्ह्यांसाठी दोषी ठरलेले ४,२५,४३१ जण होते. त्यांतल्या १३,०९९ जणांवर मनुष्यहत्येचा गुन्हा सिद्ध झाला होता. आकडा इथपर्यंत अगदी खरा आहे. पुढे मात्र ‘आइसच्या कोठडीत नाहीत’ याचा अर्थ लोकांनी ‘रस्त्यावर आहेत’ असा लावला. घरी नसलेल्या मुलांची यादी केली तर शाळेत बसलेली मुलंही तिच्यात येतात. त्या यादीतले अनेक जण राज्यांच्या किंवा केंद्राच्या तुरुंगात शिक्षा भोगत होते, कारण शिक्षा संपल्यावरच आइस त्यांना ताब्यात घेते. शिवाय ही यादी एका-दोन वर्षांची नाही, कित्येक दशकांत साठत आलेली आहे. तिच्यात कायदेशीर येऊन नंतर गुन्हा केल्याने परवानगी गमावलेलेही आहेत. काही जण शिक्षा भोगून सुटलेत आणि त्यांचे मूळ देश त्यांना परत घ्यायला तयार नाहीत. ही अडचण खरी आहे आणि तिच्यावर बोलायलाच हवं. पण ‘गेल्या चार वर्षांत तेरा हजार खुनी सीमेवरून आत आले’ हे त्या पत्रात कुठेही नाही.

याच धाटणीचा दुसरा आकडा केंद्र सरकारच्या तुरुंगांचा. तिथे परदेशी नागरिकांचं प्रमाण लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्यापेक्षा बरंच जास्त दिसतं. ते दिसणारच, कारण हद्दपार झाल्यावर पुन्हा शिरणं हा केंद्राच्या कायद्याखालचा गुन्हा आहे आणि सीमेवरची तस्करीही केंद्राच्याच कक्षेत येते. खून, बलात्कार, दरोडे यांचे खटले बहुतेक राज्यांकडे चालतात आणि अमेरिकेतले बहुतांश कैदीही राज्यांच्याच तुरुंगांत असतात. तस्करीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, फेंटानिलच्या तस्करीत शिक्षा झालेल्यांत दहापैकी आठांहून जास्त जण अमेरिकी नागरिकच असतात, हे अमेरिकेच्या शिक्षा आयोगाच्या अलीकडच्या अहवालांत वर्षामागून वर्ष आलेलं आहे.

काळाचा आलेख दाखवूनही वाद घातला जातो. १९९० साली बेकायदा राहणारे अंदाजे ३५ लाख होते, २००७ मध्ये ते १ कोटी २२ लाखांवर गेले. त्याच सुमारास, १९९१ ते २००७ या काळात, अमेरिकेतल्या हिंसक गुन्ह्यांचा दर एक तृतीयांशाहून जास्त उतरला. २०२० मध्ये महासाथीमुळे सीमा जवळपास बंद होती, त्या वर्षी खून सुमारे तीस टक्क्यांनी वाढले. २०२३ मध्ये दक्षिण सीमेवर विक्रमी संख्येने लोक येत होते, तेव्हा खून कमी होत होते. मुलगा हे आकडे देत असेल तर त्यालाही एक सांगायला हवं: दोन गोष्टी एकाच काळात घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. गुन्हे घटायला आणि वाढायला पोलीस, बंदुका, अमली पदार्थांचा बाजार, लोकसंख्येतली तरुणांची संख्या अशी कितीतरी कारणं असतात. या आलेखांवरून एवढंच म्हणता येतं की घुसखोरी वाढली की गुन्हे वाढतातच, असा नियम नाही.

त्याहून चांगला पुरावा उलट्या बाजूने मिळतो. घुसखोरांना बाहेर काढलं की गुन्हे कमी होतात का? २००८ ते २०१३ या काळात ‘सिक्युअर कम्युनिटीज’ नावाची मोहीम अमेरिकेच्या एकेका काउंटीत टप्प्याटप्प्याने लागू झाली. वर सांगितलेली ठसे जुळवण्याची पद्धत ती हीच; फक्त टेक्सास मिळालेलं उत्तर अटकेच्या नोंदीला जोडून ठेवतं. आज या काउंटीत, काही महिन्यांनी शेजारच्या, अशी ती पसरली, त्यामुळे अभ्यासकांना आधीची आणि नंतरची, लागू झालेली आणि न झालेली अशी तुलना करता आली. कायद्याचे प्राध्यापक थॉमस माइल्स आणि अ‍ॅडम कॉक्स यांनी २०१४ साली निष्कर्ष मांडला: मोहिमेने लाखो माणसं ताब्यात गेली, पण गुन्ह्यांच्या दरावर दिसण्याजोगा परिणाम झाला नाही. घुसखोर सरासरीपेक्षा जास्त गुन्हे करत असते, तर ते गेल्यावर दर उतरायला हवा होता.

हा वाद नवाही नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इटली, पोलंड, रशियातून येणाऱ्यांबद्दल अमेरिकेत हेच बोललं जात होतं. १९११ साली डिलिंगहॅम आयोगाने, जो स्थलांतराला मुळीच अनुकूल नव्हता, स्थलांतरामुळे गुन्हे प्रमाणाबाहेर वाढल्याचा समाधानकारक पुरावा नाही असं नमूद केलं. १९३१ मध्ये विकरशॅम आयोगाच्या अहवालातही परदेशात जन्मलेल्यांचा गुन्ह्यांतला वाटा कमीच निघाला. अर्थतज्ज्ञ रॅन अब्रामित्स्की, लिआ बूस्टन आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये १८७० पासून २०२० पर्यंतची जनगणना आणि सर्वेक्षणांची माहिती जोडून पाहिली. या दीडशे वर्षांत स्थलांतरितांचं तुरुंगात असण्याचं प्रमाण देशात जन्मलेल्यांपेक्षा एकदाही जास्त नव्हतं. आज तर ते सुमारे साठ टक्क्यांनी कमी आहे. या अभ्यासात कायदेशीर-बेकायदा असे सगळेच स्थलांतरित एकत्र धरले आहेत, हे लक्षात ठेवायला हवं.

असं का होत असेल? पहिलं कारण भीती. नागरिकाला किरकोळ मारामारीत पकडलं तर जामिनावर संध्याकाळी घरी येता येतं. ज्याच्याकडे कागद नाहीत, त्याच्यासाठी तीच मारामारी हद्दपारीची वाट उघडते. दुसरं कारण कर्ज. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडलं, त्यांत ३ जण महाराष्ट्रातले होते. ‘डंकी’च्या, म्हणजे चोरट्या, मार्गाने गेलेल्या कित्येकांनी जमिनी विकून, गहाण टाकून दलालांना तीस-चाळीस लाख किंवा त्याहून जास्त मोजल्याच्या कहाण्या तेव्हा सगळ्यांनी वाचल्या. एवढा बोजा डोक्यावर घेऊन गेलेला माणूस गॅस स्टेशनवर, हॉटेलच्या भटारखान्यात, बांधकामावर दोन-दोन पाळ्या करतो. पोलिसांची गाडी दिसली तरी त्याच्या पोटात गोळा येतो.

मला खरी काळजी वाटते ती या भीतीच्या दुसऱ्या टोकाची. जो माणूस पोलिसांना घाबरून गुन्ह्यापासून दूर राहतो, तोच लुटला गेला तर तक्रार द्यायला जात नाही. बाईला नवरा किंवा मुकादम छळत असेल, तर ती गप्प बसते. २०१७ साली ह्यूस्टनचे तेव्हाचे पोलीसप्रमुख आर्ट असेवेडो यांनी जाहीर सांगितलं की, त्या वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत हिस्पॅनिक समाजाकडून येणाऱ्या बलात्काराच्या तक्रारी आदल्या वर्षीच्या तुलनेत ४२.८ टक्क्यांनी घटल्या. तक्रारी घटल्या म्हणून त्यांना आनंद झाला नव्हता. बायका पोलिसांकडे यायला घाबरतायत आणि बलात्कारी मोकळे राहतायत, असं त्यांचं सांगणं होतं. तो बलात्कारी उद्या तुमच्या-आमच्या घरातल्या मुलीलाही गाठू शकतो. तक्रार द्यायला न येणारा माणूस हा सगळ्याच शहराचा तोटा आहे.

तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटला: हे सगळ्या देशांना लागू आहे का? नाही. आणि इथे तुमच्या मुलालाही जपून बोलावं लागेल. स्वीडनच्या गुन्हे प्रतिबंध परिषदेच्या २०२१ च्या अहवालानुसार, परदेशात जन्मलेल्यांची संशयित म्हणून नोंद होण्याचं प्रमाण स्वीडिश आई-वडिलांच्या पोटी तिथेच जन्मलेल्यांच्या अडीच पट होतं. वय, उत्पन्न वगैरे फरक जमेस धरले की ते कमी होतं, पण संपत नाही. ही माणसं बहुतेक कायदेशीरच राहणारी आहेत. अमेरिकेच्या आकड्यांवरून स्वीडनमधल्या लोकांच्या काळजीला खोटं ठरवणं चूक आहे.

मग फरक कशाने पडतो? मला सापडलेलं सगळ्यांत पटणारं उत्तर इंग्लंड आणि इटलीतून येतं. ब्रायन बेल, फ्रान्सेस्को फसानी आणि स्टीफन मशीन यांनी ब्रिटनमध्ये आलेल्या दोन लाटा शेजारी ठेवून पाहिल्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून आश्रय मागायला आलेल्यांची एक लाट होती आणि २००४ नंतर पोलंड वगैरे देशांतून कामाला आलेल्यांची दुसरी. पहिल्या लाटेतल्या लोकांना अर्जाचा निकाल लागेपर्यंत काम करायला जवळजवळ मज्जाव होता. दुसऱ्या लाटेतले लोक आल्या दिवसापासून कामाला लागू शकत होते. हिंसक गुन्ह्यांवर दोन्ही लाटांचा परिणाम दिसला नाही. मालमत्तेचे गुन्हे मात्र पहिल्या लाटेनंतर थोडे वाढले आणि दुसरीनंतर वाढले नाहीत, उलट किंचित घटले.

इटलीतला अभ्यास तर फारच बोलका आहे. तिथे परदेशी कामगारांच्या परवान्यांचा वार्षिक कोटा ठरलेला असतो. ठरलेल्या दिवशी सकाळी आठ वाजता संकेतस्थळ उघडतं, मालक अर्ज भरतात आणि आधी येणाऱ्याला आधी परवाना मिळतो. कोटा काही तासांत, कधी काही मिनिटांत संपतो. कागदावर हे कामगार परदेशात बसलेले असतात, प्रत्यक्षात त्यांतले बहुतेक जण आधीच इटलीत बेकायदा राहत असतात. डिसेंबर २००७ मध्ये ज्यांचा अर्ज कोटा संपायच्या जरा आधी पोहोचला आणि ज्यांचा जरा उशिरा, अशा दोन गटांची पाओलो पिनोत्ती यांनी तुलना केली. माणसं सारखीच, कामं सारखीच, फरक फक्त बटण दाबण्यातल्या काही क्षणांचा. पुढच्या वर्षी परवाना हुकलेल्यांपैकी १.१ टक्के लोक गंभीर गुन्ह्यांत सापडले. परवाना मिळालेल्यांत हे प्रमाण ०.६ अंशांनी, म्हणजे निम्म्याहून जास्त, कमी होतं. अमेरिकेतही १९८६ च्या कायद्याने सुमारे २७ लाख बेकायदा रहिवाशांना कायदेशीर केलं होतं. त्यानंतर हे लोक राहत होते त्या भागांत गुन्हे तीन ते पाच टक्क्यांनी घटले, मुख्यतः चोऱ्यांसारखे, असं स्कॉट बेकर यांनी २०१५ मध्ये दाखवलं.

माणूस कुठून आला यापेक्षा तो आल्यावर त्याला कष्टाची भाकरी मिळवता येते का, यावर बरंच काही ठरतं. अमेरिकेत कागद नसले तरी काम मिळतं. युरोपात कित्येकदा कागद असूनही मिळत नाही. या दोन्हींच्या आकड्यांत जो फरक पडतो, त्यातला मोठा भाग मला यात दिसतो. कोण येतं, हेही महत्त्वाचं आहेच. १९८० मध्ये क्यूबातल्या मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख लोक फ्लोरिडात उतरले. फिडेल कास्त्रोंनी त्यांत तुरुंगातले काही कैदीही मुद्दाम भरून पाठवले होते. मायामीत त्या सुमारास खून फार वाढले. कोकेनच्या टोळ्यांची लढाई तिथे आधीपासून पेटलेली होती, पण या कैद्यांनी तिच्यात भर घातली नसेल असं मी म्हणणार नाही. सरकारने गुन्हेगार निवडून पाठवणं आणि माणसाने कामासाठी स्वतः निघणं, या दोन गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत.

एक गोष्ट आकड्यांनी सुटत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये जॉर्जियात नर्सिंग शिकणाऱ्या एका तरुणीचा खून झाला. खुनी बेकायदा सीमा ओलांडून आला होता, पकडून सोडून दिला गेला होता आणि खुनाआधीही पोलिसांच्या हाती लागला होता. तिच्या नावाने झालेल्या लेकन रायली कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी २९ जानेवारी २०२५ रोजी सही केली. चोरी, घरफोडी, पोलिसावर हल्ला अशा आरोपांत अटक झालेल्या बेकायदा रहिवाशाला कोठडीतच ठेवणं त्याने बंधनकारक केलं. घुसखोरांचा गुन्ह्यांचा दर कमी आहे, हे त्या मुलीच्या आईला सांगून काय उपयोग? हा माणूस इथे असायलाच नको होता, हे तिचं म्हणणं खरं आहे. माणसं वाढली की, दर कमी असला तरी, काही गुन्हे वाढतातच आणि त्यातला प्रत्येक गुन्हा कोणाच्या तरी घरात होतो. ज्याच्यावर आधीच गुन्हे दाखल आहेत त्याला शोधून बाहेर काढा, ही मागणी मला पूर्णपणे न्याय्य वाटते. मात्र तेवढ्यावरून एक कोटीहून जास्त माणसं संशयित ठरवणं अन्याय आहे. असं केलं की पोलिसांचा वेळ खऱ्या गुन्हेगाराऐवजी भांडी घासणाऱ्याला पकडण्यात जातो.

तुमच्या मुला-सुनेसाठी दोन शब्द. ह्यूस्टनचं पोलीस खातं भागवार आणि महिनावार गुन्ह्यांची माहिती प्रसिद्ध करतं. ज्या वस्तीत घर पाहतायत तिथल्या गेल्या काही वर्षांतल्या घरफोड्या आणि गाडीचोऱ्या त्यात बघायला सांगा, रात्री एकदा तिथून चक्कर मारायला सांगा, शेजाऱ्यांशी बोलायला सांगा. शेजारी कोणत्या देशातून आले, यावरून घर पसंत किंवा नापसंत करू नका म्हणावं. आणि थोरल्या बंधूंना आइसचं ते पत्र जरूर वाचून दाखवा, पण ग्रुपवर नको. घरी बोलावून, समोरासमोर बसून.